हिस्लॉप साहेबांची दगडातली पानं

प्रश्न: नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते पाद्री म्हणे दगडातली पानं गोळा करायचे, खरंय का? आणि तो साठा आता कुठाय? विचारायचं कारण, आमच्या काकांनीपण पानांचे ठसे असलेले दगड जमवले होते, पेटीभर. आता काका नाहीत आणि घरचे म्हणतात कचरा आहे, फेकून द्या. – एक वाचक

उत्तर: अहो थांबा, पेटी आधी परत माळ्यावर चढवा, मग बोलू.

ऐकलंय ते खरंय. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये मिशनच्या कामाला नागपूरला आले, शाळा चालवायची, गोंडांची गाणी-कहाण्या लिहून घ्यायच्या आणि उरलेल्या वेळात दगड. नुसता नाद, त्याचा पगार कुणी देत नव्हतं. 1851 पासून ते आणि सहकारी रॉबर्ट हंटर आसपासच्या खाणी-नाले पालथे घालायला लागले आणि 1855 मध्ये दोघांचा लेख थेट लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये!

गंमत म्हणजे साठ्यात दोन अगदी वेगळ्या काळातली झाडं होती. कामठी-सिलेवाड्याच्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस, म्हणजे जिभेसारखं लांबट पान, मधोमध जाड शीर आणि दोन्ही अंगांना शिरांची जाळी, भिंग धरलं की जाळीचं एकेक घर मोजता येतं. हे 25 कोटी वर्षांहून जुनं. आणि टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या तळ्याच्या गाळात बिया नि फळं, ती साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीची. कामठीचा दगड त्यांना ज्युरासिक, म्हणजे बराच नंतरचा वाटला, ते चुकलंच, पण त्यावर तेव्हा भल्याभल्यांचे वाद चालले होते त्यामुळे माफ.

पानं ओळखली इंग्लंडच्या चार्ल्स बनबरींनी, 1861 मध्ये, आणि एका पट्ट्यासारख्या पानाला हिस्लॉपचं नाव दिलं. पुढे त्या वनस्पतीच्या दोन शब्दी नावातला पहिला शब्द बदलला पण दुसरा, ‘हिस्लोपी’, टिकला. हिस्लॉप मात्र दोनच वर्षांत गेले. 4 सप्टेंबर 1863, टाकळघाटची शिळावर्तुळं बघून येताना रात्री पुराच्या नाल्यात बुडाले.

साठ्याचं म्हणाल तर, तो लंडनच्या त्याच जिऑलॉजिकल सोसायटीकडे पाठवलेला होता. सोसायटीने 1911 मध्ये आपलं म्युझियम बंद केलं आणि तिथले परदेशी नमुने आजच्या लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे गेले.

आता काकांची पेटी. हिस्लॉपना सगळी नावं कुठे ठाऊक होती, पण कुठला दगड कुठल्या गावचा, कुठल्या थरातला हे त्यांनी लिहून ठेवलं म्हणून तर बनबरींना काही करता आलं. तेव्हा प्रत्येक दगड उलटा करून बघा, मागे नंबर किंवा कागदाचा कपटा चिकटवलेला असेल, तसाच फोटो काढा. पाण्याने धुवायचं नाही, शाई जाते, कोरडा मऊ ब्रश बास. मग जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात दाखवा, नाहीतर लखनौची बिरबल साहनी संस्था आहेच, त्यांचं कामच हे. आणि काकांची वही सापडली तर पेटीतच ठेवा, कपाटात वेगळी नको.