जुन्या इनोव्हाचा स्टिअरिंग रॅक नागपुरात घरच्या घरी बदलता येईल का?

येईल (रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर पुढची चाके वळवणारा भाग), मात्र अंगणात काळी माती असेल तर तेथे हे काम करू नये, कारण तिच्यात जॅक रुततो. काँक्रीटवर स्टँड लावल्याखेरीज गाडीखाली शिरूच नये. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, रॅक काढण्यापूर्वी चाके सरळ करून स्टिअरिंग सीटबेल्टने बांधून ठेवावे, कारण स्टिअरिंगला रॅकशी जोडणारा शाफ्ट सुटल्यावर ते मोकळे फिरले तर एअरबॅगच्या गाड्यांमध्ये आतली गुंडाळलेली वायर तुटते, आणि ही चूक रॅक बसवून झाल्यावरच लक्षात येते. शाफ्टच्या जोडावर खडूऐवजी पांढऱ्या रंगाची खूण करावी. तेलकट हातांनी खडू पुसला जातो. टाय रॉड एंड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणारा टोकाचा सांधा, किती फेऱ्यांत सुटला तेही लिहून ठेवावे. प्रेशर पाइपच्या जोडांना नव्या सीलच वापराव्यात. पॉवर स्टिअरिंगचे तेल भरल्यावर इंजिन बंद ठेवून, उचललेली पुढची चाके स्टिअरिंगने या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावीत आणि त्या तेलाच्या टाकीतील बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे. घाई केल्यास पंप घरघरतो. नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावीच लागते, फेऱ्या कितीही अचूक मोजल्या असल्या तरी.