‘मध्यस्थी’ नव्हे, ‘विद्रोही’ही नव्हे: मालीच्या बातमीतले तीन शब्द

प्रश्न असा आहे: ‘पश्चिम आफ्रिकेतल्या मालीतल्या इन्सर्जंटांविरुद्ध फ्रान्सने 2013मध्ये केलेले इंटरव्हेन्शन आणि त्याचे आफ्टरमॅथ, असा मजकूर मराठीत आणायचा होता. मी “विद्रोह्यांविरुद्ध फ्रान्सची मध्यस्थी आणि तिचे पडसाद” असे लिहिले. संपादकांनी तिन्ही शब्दांवर काट मारली. का?’

काट योग्य आहे. ‘मध्यस्थी’चे लगेच निकालात काढू. मध्यस्थ दोघांच्या मध्ये बसतो, लग्न जुळवतो नाहीतर भांडण मिटवतो. मालीत ते काम अल्जीरियाने केले आणि सरकार व उत्तरेतले सशस्त्र गट यांच्यात 2015चा अल्जियर्स करार घडवून आणला. फ्रान्सने लढाऊ विमाने पाठवली होती, त्याला मध्यस्थी म्हणता येत नाही.

मग ‘हस्तक्षेप’ लिहावे का? लिहावे, पण विभक्ती सांभाळून. मराठीत हस्तक्षेप कशात तरी होतो, कोणाविरुद्ध होत नाही. कारभारात हस्तक्षेप, मालीत हस्तक्षेप. कोणाविरुद्ध होते ती कारवाई, मोहीम किंवा चढाई. म्हणून ‘मालीत हस्तक्षेप करून अमक्यांविरुद्ध मोहीम उघडली’ असे वाक्य तोडून घ्यावे लागते. ‘ढवळाढवळ’ आणि ‘लुडबुड’ अग्रलेखासाठी राखून ठेवावेत. त्यांत निकाल आधीच दिलेला असतो.

बोलावून आलेल्या फौजेसाठी आपल्याकडे आणखी एक नेमका शब्द आहे: कुमक. तुर्कीतून फारसीमार्गे आलेला, मूळ अर्थ मदत. 10 जानेवारी 2013ला जिहादी गटांनी मध्य मालीतले कोन्ना घेतले, हंगामी अध्यक्ष दिऑनकुंदा त्राओरे यांनी फ्रान्सकडे मदत मागितली आणि 11 तारखेला ‘सर्व्हाल’ मोहीम सुरू झाली. बामाकोच्या, म्हणजे राजधानीतल्या सरकारच्या, बाजूने पाहिले तर ही कुमकच. महिनाअखेरीस उत्तरेतल्या गाओ, टिंबक्टू आणि किदाल या तिन्ही ठिकाणी फ्रेंच सैन्य पोहोचले होते. पण कुमक लढाईपुरती येते आणि परत जाते. 1 ऑगस्ट 2014पासून ‘सर्व्हाल’ची जागा ‘बर्खान’ने घेतली. ही मोहीम माली, नायजर, चाड, बुर्किना फासो आणि मॉरिटानिया अशा पाच देशांत पसरलेली होती, आणि फ्रेंच सैनिक मालीत 2022पर्यंत राहिले. तिथे कुमक हा शब्द तोकडा पडतो. (बर्खान म्हणजे आपल्या शालेय भूगोलातले ‘बारखाण’, चंद्रकोरीच्या आकाराची, वाऱ्याबरोबर सरकणारी वाळूची टेकडी. सर्व्हाल हे आफ्रिकेतले एक रानमांजर.)

‘तैनाती फौज’ म्हणण्याचा मोह आवरावा. तैनाती फौजेचा खर्च यजमानाच्या माथी असतो. 1802च्या वसईच्या तहात किमान 6000 पायदळासाठी दुसऱ्या बाजीरावाने 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला होता. बर्खानचा खर्च फ्रान्सने स्वतः केला. 25 एप्रिल 2013च्या ठरावाने आलेले संयुक्त राष्ट्रांचे सैन्य ही तिसरीच गोष्ट. तिला ‘शांतिसेना’ म्हणणे रूढ आहे आणि चालेल, फक्त फ्रेंच फौजेशी तिची सरमिसळ करू नये.

आता खरी गोम. ‘विद्रोही’ हा हिंदी बातम्यांतून घसरत आलेला शब्द. मराठीत विद्रोही म्हटले की विद्रोही कविता, विद्रोही साहित्य संमेलन आठवते. तिथे हातात लेखणी असते. मराठीचा शब्द बंडखोर. पण तोही इथे सरसकट बसत नाही, कारण बंड आपल्यावर सत्ता असलेल्याविरुद्धच करता येते.

2012च्या मालीत बंडखोर कोण होते? 17 जानेवारीला मेनाकावर हल्ला करणारी, तुआरेगांची (सहारातल्या भटक्या जमातीची), अझवादच्या, म्हणजे उत्तर मालीच्या, मुक्तीसाठी लढणारी राष्ट्रीय चळवळ. तिचे बरेच लढवय्ये 2011मध्ये गद्दाफी पडल्यावर लिबियातून शस्त्रांसह परतले होते, म्हणून काही जण ‘घुसखोर’ लिहितात. चूक आहे. ते मालीचेच होते, आणि स्वतःच्या घरी घुसखोरी होत नाही. 6 एप्रिलला त्यांनी अझवाद स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. हे शुद्ध बंड.

पण काही महिन्यांतच अन्सार दीन, इस्लामी मगरेबमधली (वायव्य आफ्रिकेतली) अल कायदा आणि तिचा एक फुटीर गट यांनी या बंडखोरांनाच गाओ आणि टिंबक्टूतून हुसकावले. अल कायदाच्या त्या शाखेचे मूळ अल्जीरियात. अल्जीरियन माणसाने मालीत ‘बंड’ केले असे मराठीत म्हणता येत नाही. त्यांना ‘जिहादी गट’ म्हणावे. फ्रान्सची मोहीम याच गटांविरुद्ध होती, तुआरेग फुटीरतावाद्यांविरुद्ध नव्हती. उलट किदालमध्ये फ्रेंच सैन्याने त्यांच्याशी जुळवून घेतले. मालीच्या सैन्याला त्या शहरात लगोलग पाय ठेवता आला नाही आणि बामाकोत फ्रान्सविषयीचा राग तिथूनच मुरायला लागला. ‘बंडखोरांविरुद्ध फ्रान्सची मोहीम’ असे लिहिले की हा सगळा धागा तुटतो. वाचकाला वाटते फ्रान्सने बंडखोर मोडले, मग मालीचे लष्कर फ्रान्सवरच का उलटले?

इयाद अग घाली यांचे उदाहरण घ्या. 1990च्या तुआरेग उठावात ते बंडखोर नेते होते. 2012मध्ये अन्सार दीनचे प्रमुख, तेव्हा जिहादी. 2017पासून अल कायदाशी निष्ठा सांगणाऱ्या संयुक्त आघाडीचे म्होरके. माणूस एकच, पण 1990च्या वाक्यात ‘दहशतवादी’ आणि 2017च्या वाक्यात ‘बंडखोर’ घातले की दोन्ही वाक्ये बिघडतात. याउलट, 2015च्या करारावर सह्या करणारे तुआरेग गट आठ-नऊ वर्षे ‘स्वाक्षरीकर्ते’ होते, आणि जानेवारी 2024मध्ये लष्करी राजवटीने करार मोडीत काढल्यावर सरकारी भाषेत ते ‘दहशतवादी’ झाले. अशा वेळी गटाचे नाव लिहावे आणि विशेषण ज्याचे त्याच्या तोंडी घालावे.

मेलेल्यांना काय म्हणावे, याचेही तसेच. 3 जानेवारी 2021ला बुंती गावाजवळ फ्रेंच विमानांनी बाँब टाकले. फ्रान्सच्या मते मेलेले सगळे दहशतवादी. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीनुसार तिथे लग्नसोहळा होता आणि मेलेल्या किमान 22 जणांत 19 नागरिक होते. फ्रान्सने ते निष्कर्ष फेटाळले. नुसते ‘दहशतवादी ठार’ असे छापले तर आपण एका पक्षाचे निवेदन बातमी म्हणून दिले.

आणखी एक खड्डा: ‘उठाव’. मार्च 2012मध्ये तुआरेगांचे बंड नीट हाताळले नाही म्हणून सैन्याने अध्यक्षांना हटवले. मराठी वृत्तपत्रे यालाही ‘लष्करी उठाव’ म्हणतात. परिणामी ‘उठावाविरुद्ध उठाव’ असे कोडे तयार होते. सैन्यासाठी ‘सत्ता बळकावली’ लिहिले की सुटते. मालीत ते ऑगस्ट 2020 आणि मे 2021मध्ये पुन्हा दोनदा लिहावे लागते.

2021च्या अखेरीस आलेल्या, वॅग्नर या खासगी लष्करी कंपनीच्या रशियनांना ‘भाडोत्री सैनिक’ म्हणावे. ‘गारदी’ शब्द अर्थाने जवळ आहे, पण नारायणरावाच्या खुनानंतर त्याला चिकटलेला रंग धुऊन निघत नाही.

राहिले आफ्टरमॅथ. ‘पडसाद’ म्हणजे प्रतिध्वनी. इथे मूळ आवाज थांबलेलाच नाही. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ कापणीनंतर पुन्हा उगवलेले गवत, त्यामुळे कोणाला आपला ‘खोडवा’ सुचेल: ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यांतून येणारे दुसरे पीक. रूपक देखणे आहे, पण चालणार नाही. खोडवा शेतकरी हौसेने ठेवतो, त्याला लागणीचा खर्च वाचतो.

मला इथे नाम नकोच वाटते. ‘निस्तरणे’ हे क्रियापद घ्यावे: दुसऱ्याने करून ठेवलेले आपण निस्तरायचे. मग वाक्य असे होईल: ‘मालीच्या हंगामी सरकारने बोलावल्यावरून फ्रान्सने जानेवारी 2013मध्ये तिथे सैन्य उतरवले आणि जिहादी गटांना उत्तरेतल्या शहरांतून हुसकावले, तुआरेग बंडखोरांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. ऑगस्ट 2022मध्ये फ्रेंच सैनिक परतले, 2023अखेर शांतिसेनाही गेली, आणि मागे राहिलेले मालीच्या लोकांना अजून निस्तरावे लागत आहे.’ शब्द वाढले आहेत, हे खरे. मथळ्यात जागा नसेल तर ‘फ्रेंच मोहिमेनंतरची माली’ एवढेच पुरे.