व्यायला आलेली मेंढी : वेगळी करा, एकटी करू नका

प्रश्न : व्यायला दहा-पंधरा दिवस उरलेली मेंढी वेगळी बांधली की रात्रभर ओरडते आणि चाऱ्याला तोंड लावत नाही. तिला कळपातच राहू द्यावे काय? काही गाभण मेंढ्या आपणहून मागे राहतात, त्यांचे काय करावे? (अथणी व चिकोडी तालुक्यांतील मेंढपाळ)

उत्तर : गर्दीत पोटाला धक्का बसू नये म्हणून मेंढी वेगळी करणे योग्यच आहे, मात्र तिला एकटी पाडू नये. कळप दिसेनासा झाला की मेंढी घाबरते व खाणे सोडते, आणि या दिवसांतील उपासमार फार घातक ठरते. मेंढीचा गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा असून गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. पोटात जुळी असल्यास चाऱ्याला जागा कमी उरते, अंगावरची चरबी झपाट्याने वापरली जाते आणि रक्तात कीटोन (चरबी वापरली जाताना तयार होणारी द्रव्ये) साचून मेंढी आजारी पडते. फार रोड आणि फार लठ्ठ, अशा दोन्ही मेंढ्यांना हा धोका अधिक असतो.

म्हणून वाड्यातच जाळी लावून, कळप दिसेल असा कोरडा व वाऱ्यापासून आडोसा असलेला कप्पा करावा आणि शक्य असल्यास सोबत दुसरी गाभण मेंढी ठेवावी. केवळ उसाच्या वाढ्यांवर भागवू नये, कारण त्यांत प्रथिने कमी असतात. तुरीचे किंवा हरभऱ्याचे भुसकट, थोडा हिरवा चारा आणि हळूहळू वाढवत नेलेला 200 ते 250 ग्रॅम खुराक द्यावा. एकदम जास्त धान्य घातल्यास पोट बिघडते.

आपणहून मागे राहणाऱ्या मेंढीकडे मात्र नीट पाहावे, कारण येथेच बहुतेकांची गल्लत होते. कास ताठ झाली असेल, शेपटीच्या मुळाशी खळगे पडले असतील, मेंढी पायाने जमीन उकरत ऊठबस करत असेल आणि तरीही सावध असेल, तर ती विण्याच्या तयारीत आहे. तिला न छेडता दुरून लक्ष ठेवावे. परंतु मान खाली घालून उभी राहणे, दात खाणे, झोकांड्या जाणे, समोरचे न दिसल्यासारखे धडकणे, तोंडाला गोडसर वास येणे ही वर सांगितलेल्या कीटोनच्या आजाराची लक्षणे आहेत. कॅल्शियमच्या कमतरतेतही मेंढी अशीच सुस्त होते, त्यामुळे घरी निदान न करता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पशुवैद्यकीय मदतीच्या 1962 या फोन क्रमांकावर कळवावे. गिळता न येणाऱ्या मेंढीला गुळाचे पाणी बळेच पाजू नये. ते फुप्फुसात जाते.

पाणमोट फुटून तासभर कळा देऊनही कोकरू पुढे सरकत नसेल, तर ओढाताण न करता डॉक्टरांना बोलवावे. जन्मानंतर नाळेला टिंक्चर आयोडीन लावून तासाभरात चीक पाजावा. आई व कोकराची ओळख पक्की होईपर्यंत दोन-तीन दिवस, आणि जुळी असल्यास त्याहून थोडे अधिक, त्यांना कप्प्यातच ठेवून मग कळपात सोडावे.