हरणांसाठी फासे लावणं सोडलंस, आता पुढे काय?

भाऊ, एकट्याच्या संयमाने फरक पडतो. चिंकारा हरणाची मादी बहुधा एकच पाडस देते. ती वाचली की पुढची वेतंही वाचतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहेच, पण यावलच्या जंगलालगत प्रत्येक बांधावर वनरक्षक कुठून येणार? तिथे आपणच.

सुरुवातीला एवढंच कर:

- गवतात एकटं पाडस दिसलं तर उचलू नकोस. नवखे हमखास इथेच चुकतात. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते, तू दूर झालास की येते. घरी आणलेलं पाडस बहुतेक दगावतं, फार जीव तुटतो.
- कुत्रं बांधून ठेव.
- दुसऱ्याचा फासा दिसला तर भांडू नकोस, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लाव.

हरणांची मोजणी, पाणवठे नंतर बघू.