पुस्तक न वाचता परत केलं तरी चालेल

या महिन्यात शाळेच्या ग्रंथालयाबद्दल तीन पत्रं आली, तिन्ही नागपूरहूनच. पहिल्याला सविस्तर उत्तर देते, कारण त्यात बाकीच्या दोन्हींचं मूळ आहे.

प्रश्न: ताई, नमस्कार. मानेवाडा भागातल्या एका प्राथमिक शाळेत मी तिसरीला शिकवते. यंदा ग्रंथालय माझ्याकडे आलं आहे. दोन लोखंडी कपाटं आणि साधारण नऊशे पुस्तकं. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला मी कपाट उघडते. मुलांची झुंबड उडते, पण घेतात तीच ती आठ-दहा पुस्तकं: भुतांची, विनोदांची, राजा-राणीची. बाकीची कोरी करकरीत पडून आहेत. मी स्वतः निवडून चांगलं पुस्तक हातात दिलं तर सोमवारी ते न उघडता परत येतं. मुलांना नव्या पुस्तकांकडे कसं वळवू?

उत्तर: एकतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यातली अठरा वर्षं ग्रंथालयाच्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये होत्या. म्हणून तुमचं कपाट मला इथूनही दिसतं.

आधी एक करा. शाळा सुटल्यावर त्या कपाटासमोर उकिडव्या बसा, म्हणजे तिसरीतल्या मुलाच्या उंचीवर याल. काय दिसतं? लहान मुलांची पुस्तकं सोळा, चोवीस, फार तर बत्तीस पानांची. मधोमध दोन पिना मारलेल्या. त्यांना कणाच नसतो, मग कण्यावर नाव कुठून येणार? कपाटात उभी लावली की पांढऱ्या रेघांशिवाय काही दिसत नाही. मागे चाळीस पोरं ढकलत असतात आणि हाती असतो अर्धा मिनिट. अशा वेळी मूल ओळखीचं पुस्तकच उचलणार. तुमच्या मुलांनी नवी पुस्तकं नाकारलेली नाहीत. ती त्यांनी अजून पाहिलेलीच नाहीत.

मी वर्गाच्या मागच्या भिंतीला आडवी नायलॉनची दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायचे पंचवीस चिमटे आणले. पुस्तक मधोमध उघडून दोरीवर टाकायचं, मुखपृष्ठ वर्गाकडे, आणि चिमटा लावायचा. एका वेळी पंचवीसच, जास्त नाही. दर शनिवारी निम्मी बदलायची. व्हरांड्यात बांधू नका, जुलैतल्या पावसाचे शिंतोडे येतात. माझी पहिली दोन पुस्तकं तशीच गेली. मुलांनी मधल्या सुट्टीत डबा खाऊन हात धुवावेत, दोरीजवळ रेंगाळावं, पुस्तक काढून चार पानं बघावीत, पुन्हा अडकवावं. घरी नेलंच पाहिजे असं नाही. त्या रेंगाळण्यातच पुस्तकाची ओळख होते.

दुसरी गोष्ट, वाचून दाखवणं. पूर्ण नाही, आठ-दहा मिनिटं. माझ्या चौथीत एक मुलगा होता. घरी हिंदी, शाळेत मराठी, आणि दोन्हींत अडखळायचा. ग्रंथालयाच्या तासाला खिडकीतून बाहेर बघत बसायचा. एका शनिवारी मी विहिरीत पडलेल्या बादलीची एक गोष्ट वाचायला घेतली. चार वर्षं ते पुस्तक कपाटात होतं, मागची तारखेची चिठ्ठी कोरी. गोष्टीत गळ पाण्यात सोडला, खाली काहीतरी जड लागलं, दोर ताणला गेला, आणि मी पुस्तक मिटलं. वर्गात एकच गलका झाला. हा मुलगा उठून टेबलाशी आला आणि म्हणाला, “बाई, पुढे काय झालं ते सांगून द्या नं जी.” मी म्हटलं, “मी तर पुस्तक दोरीला लावून राहिले. तूच बघ.” सोमवारी पुस्तक परत आणलं तेव्हा त्याने मला प्रामाणिकपणे सांगितलं की सहा पानं त्याने वाचली आणि बाकीची ताईने वाचून दाखवली. त्याच्या खात्यावर मी ते पूर्ण वाचलेलं पुस्तक म्हणूनच लिहिलं. आजही तसंच लिहीन.

मात्र एक अट आहे. जे पुस्तक वाचून दाखवाल ते तुम्हाला स्वतःला आवडलेलं असलं पाहिजे. मुलांना आवाजातला फरक लगेच कळतो. नऊशे पुस्तकं वाचायला वेळ कुठून आणू, असं म्हणाल. ही सोळा पानांची पुस्तकं आहेत. रोज पोळ्या झाल्यावर एक वाचलं तरी दिवाळीपर्यंत शंभराच्या घरात जाल.

आता तुमच्या पत्रातलं ते “न उघडता परत येतं”. येऊ द्या. हे मी फार उशिरा शिकले. पहिली सात-आठ वर्षं मी प्रत्येक पुस्तकामागे सारांश लिहून घ्यायची, वहीत पाच ओळी आणि खाली तात्पर्य. मुलं हुशार असतात. त्यांनी सगळ्यात पातळ पुस्तकं शोधून काढली, एकमेकांचे सारांश उतरवले, आणि दर शनिवारी तीच पातळ पुस्तकं फिरत राहिली. नवं पुस्तक म्हणजे नवा सारांश, मग कोण घेणार? एके वर्षी मी ती वही बंद केली आणि वर्गात सांगितलं: आवडलं नाही तर न वाचता परत आणा, मी काही विचारणार नाही. पहिले दोन महिने खूप पुस्तकं तशीच परत आली. मी तोंडून शब्द काढला नाही. दसऱ्याच्या सुमारास मुलं अनोळखी पुस्तकं उचलू लागली, कारण चुकलं तरी काही बिघडत नाही हे त्यांना पटलं होतं.

भुतांची पुस्तकं कपाटाआड करू नका. भुताचं पुस्तक घेणाऱ्या मुलाला भीती हवी असते, अंधार हवा असतो. दोरीवर त्या पुस्तकाच्या एका बाजूला वटवाघळाचं लावा, दुसऱ्या बाजूला घुबडाचं किंवा रात्रीच्या आकाशाचं. तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात बैलांची, शेतीची, लाकडाच्या खेळण्यांची पुस्तकं काढा. पोरांच्या हातात लाकडी नंदी असतो तेव्हा ही पुस्तकं दोरीवर टिकत नाहीत.

तारखेच्या चिठ्ठीवर तारखेसोबत मुलाचं नावही लिहू द्या, त्याच्याच अक्षरात. “माझ्या आधी कोणी वाचलं?” हे मुलं आधी बघतात. मैत्रिणीचं नाव दिसलं की पुस्तक घरी जातं. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिनी, आपण वाचन प्रेरणा दिन करतो. त्या दिवशी भाषणांचा वेळ वाचवून कोऱ्या चिठ्ठीची सगळी पुस्तकं सतरंजीवर मांडा आणि सांगा की यांचा पहिला वाचक कोणी झालेला नाही. पहिल्या ओळीत आपलं नाव असण्याचं मुलांना केवढं अप्रूप असतं ते बघालच.

भाषेचं मनावर घ्या. नागपुरात वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी हिंदी असते. त्यांच्यासाठी काही हिंदी आणि काही दोन भाषांची पुस्तकं ठेवाच. प्रथम बुक्स या मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशनाचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथे मराठी आणि हिंदी दोन्हींत गोष्टी आहेत, चार पातळ्यांत लावलेल्या आणि फुकट छापून घेता येतात. चौथीतल्या मुलाने पहिल्या पातळीचं चित्रपुस्तक घेतलं तर “हे लहानांचं आहे” असं कोणी म्हणू नये, तुम्हीही नाही.

ग्रंथालयशास्त्राचे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तिसरं सूत्र मी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. तुमची कोरी पुस्तकं त्याच सूत्रातली आहेत, एकेका वाचकाची वाट बघत.

प्रश्न: माझी मुलगी आठ वर्षांची आहे. शाळेतून आठवड्याला एक पुस्तक मिळतं, पण ती दर वेळी एकच पुस्तक पुन्हा आणते. हे पाचव्यांदा. तिला नवं घ्यायला भाग पाडू का?

उत्तर: नको. पाचव्यांदा वाचताना तिला कुठलाच शब्द अडत नाही, आणि ते सुख तिला अजून थोडं हवं आहे. तिलाच विचारा की यात तुला सगळ्यात काय आवडतं? तिचं उत्तर “ती म्हातारी” असेल तर म्हातारीचं दुसरं पुस्तक शोधा. उत्तर “चित्रं” असेल तर त्याच चित्रकाराचं. आणि एखाद्या रविवारी तिला सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी न्या, पन्नास रुपये तिच्या हातात द्या आणि तुम्ही दोन पावलं मागे उभ्या राहा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. जुना अंक सापडला तर सोडू नका. एका अंकात गोष्ट, कविता, कोडं सगळं असतं, त्यामुळे कुठूनही सुरुवात करता येते.

प्रश्न: मी मुख्याध्यापक आहे. पुस्तकं फाटतात, हरवतात, आणि हिशेब मला द्यावा लागतो. त्यामुळे मार्चमध्ये आम्ही सगळी पुस्तकं जमा करून कपाटं बंद करतो, ती जुलैत उघडतात. याला काही पर्याय आहे का?

उत्तर: आहे, सर, आणि तुम्ही विचारलंत याचा मला आनंद झाला. बघा, मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो. अकरा वाजल्यापासून पाच वाजेपर्यंत पोरांना कोणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. वर्षभरात वाचायला इतका मोकळा वेळ त्यांना पुन्हा मिळत नाही, आणि नेमकी तेव्हाच शाळेची सगळी पुस्तकं कुलपात असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलं पाहिजे असं सांगितलं आहे, आणि त्यात गोष्टींच्या पुस्तकांचा वेगळा उल्लेख आहे. ती मुलांच्या हातात जावीत म्हणूनच ना?

हिशेबाचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवणं वाजवी धरलं आहे, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. तो नियम तुमच्या शाळेला थेट लागू होत नसला तरी शाळा समितीपुढे ठेवा. हरवणं हा ग्रंथालय चालवण्याचाच भाग आहे हे त्यांनाही कळेल.

आम्ही एका वर्षी धाडस केलं. निकालाच्या दिवशी पालक येतातच, तेव्हा प्रत्येक मुलाला पाच पुस्तकं दिली, वहीत पालकांची सही घेतली आणि एका जुन्या कापडी पिशवीत घालून घरी पाठवली. ४१० पुस्तकं गेली. जुलै संपेपर्यंत ४०२ परत आली. हे त्या नियमापेक्षा जास्त आहे हे मला ठाऊक आहे, आणि आमच्या मुख्याध्यापिकांनीही ते ठाऊक असूनच सही केली. पहिल्या दोन शनिवारी फेविकॉल, कापडी पट्टी आणि चौथीची सहा मुलं घेऊन आम्ही दुरुस्तीला बसलो. मुलांनी चिकटवलेलं पुस्तक मुलं पुन्हा सहसा फाडत नाहीत.

एक पुस्तक एका मुलीच्या हातून कूलरच्या टाकीत पडलं होतं. तिने ते गच्चीवर विटेखाली ठेवून वाळवलं होतं. पानं पापडासारखी फुगली होती आणि त्यांना वाळ्याचा वास येत होता. ती रडत घेऊन आली. आम्ही ते बाद केलं नाही, तसंच दोरीला लावलं. वर्षभर मुलं मला विचारत होती, “बाई, ते कूलरवालं पुस्तक कोणाकडे आहे?”