इम्प्लांटमधलं सिलिकॉन टिकेल का, आणि बाळ बोलेल कधी?

तुमच्या 11 महिन्यांच्या मुलाला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही आणि डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानाला विजेचे इशारे देऊन ऐकवणारं, ऑपरेशनने बसवायचं यंत्र, सांगितलंय. तुम्ही विचारलंय की ती रबरासारखी वस्तू जन्मभर डोक्यात टिकेल का, तो बोलेल कधी, आणि नव्या मटेरियलवर संशोधन चालू आहे तर वर्ष-दोन वर्षं थांबावं का.

थांबू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल, पण हे आधी मनात पक्कं करा.

मी भोसरीला रबर मोल्डिंगच्या कारखान्यात 19 वर्षं काम करतोय, त्यातली बरीचशी सिलिकॉनवर गेली. माझ्या मुलीला दीड वर्षाची असताना इम्प्लांट झालं. आज ती तिसरीत आहे. त्यामुळे तुमच्या प्रश्नातली भीती मला नेमकी कळते. मीही ऑपरेशनच्या आधी रात्र-रात्र मटेरियलचाच विचार करत बसलो होतो.

कच्चं सिलिकॉन हातात घेतलं तर मळलेल्या कणकेसारखं लागतं. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या, आणि शिजवलेल्या शेवयांसारख्या त्या एकमेकींवरून सरकत असतात. क्युअर करताना, म्हणजे माल पक्का करताना, या साखळ्यांना एकमेकींशी जागोजागी आडवे टाके पडतात, गोधडीला घालतात तसे. आम्ही त्याला क्रॉसलिंक म्हणतो. टाके पडले की तो माल पुन्हा वितळत नाही. भाजलेल्या भाकरीचं परत पीठ होत नाही, तसंच. ताणला तर ताणतो, सोडला की जागेवर येतो. इम्प्लांटमध्ये मेडिकल ग्रेडचं, प्लॅटिनमच्या मदतीने क्युअर होणारं सिलिकॉन वापरतात. पेरॉक्साइडने क्युअर केलेल्या मालात उपपदार्थ मागे उरतात आणि ते ओव्हनमध्ये तापवून घालवावे लागतात. प्लॅटिनमच्या पद्धतीत ती भानगड नसते.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसते. सिलिकॉन पाणी अडवतं, पण बाष्पाच्या रूपातली ओल त्यातून आरपार जाते. म्हणून इम्प्लांटचं सर्किट नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर सोडत नाहीत. ते टायटॅनियमच्या हवाबंद डबीत असतं आणि सिलिकॉन बाहेरून असतं. बिघाड कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. डोक्याला जोरात मार लागून किंवा आतलं इलेक्ट्रॉनिक्स बिघडून इम्प्लांट बदलावं लागलेली मुलं आहेत, आणि ते बदलता येतं. पण रबर आत कुजेल, विरघळेल ही भीती काढून टाका.

कानाच्या आत शंखासारखा वळणदार भाग असतो, त्या शंखात जाणारी तार टोकाला जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. प्लॅटिनमचे बारीक संपर्कबिंदू सिलिकॉनच्या मऊ दोरीत बसवलेले असतात. ही दोरी मऊ का, याची एक खरी गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर ग्रॅम क्लार्क 1977 मध्ये समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला गेले होते. शंखाच्या वळणांत तार खोलवर कशी न्यायची, हे त्यांना सुटत नव्हतं. तिथे त्यांनी समुद्रातल्या एका शंखात गवताची पाती सारून पाहिली. टोकाला लवचिक आणि बुडाशी ताठ असलेली पाती वळणं घेत आत गेली. पुढच्या वर्षी 1 ऑगस्टला मेलबर्नमध्ये त्यांनी त्यांचं पहिलं इम्प्लांटचं ऑपरेशन केलं. टोकाला मऊ, मागे ताठ हे गणित रबरात जमवायला किती कसब लागतं ते मी रोज बघतो, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

मूल वाढेल तशी तार ओढली जाईल का, हेही तुमच्या मनात असणार. आतला शंख जन्मतःच जवळजवळ पूर्ण आकाराचा असतो. कवटी वाढते, आणि तेवढ्यासाठी सर्जन कानामागच्या हाडात तारेची सैल जास्तीची लांबी ठेवतात.

आता संशोधनाबद्दल. तारेभोवती शरीर हळूहळू व्रणासारखी ऊती तयार करतं आणि विजेच्या वाटेतला अडथळा वाढतो. त्यावर उपाय म्हणून सिलिकॉनमध्येच डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मिसळायचं आणि ते टाक्यांच्या जाळीतून हळूहळू पाझरू द्यायचं, असं काम चालू आहे. पेसमेकरच्या वायरींत ही युक्ती अनेक वर्षं वापरात आहे. चांगलं काम आहे, मन लावून वाचण्यासारखं. पण त्यासाठी बाळाचे महिने घालवायचे नाहीत.

कारण मेंदू वाट बघत नाही. अमेरिकेत अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये इम्प्लांट झालेल्या 104 जन्मबधिर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या बहुतेक मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद काही महिन्यांतच वयाला साजेसा झाला. सात वर्षांनंतर झालेल्यांत तसं सहसा घडलं नाही. साडेतीन ही शेवटची मुदत आहे असं समजू नका, जितकं लवकर तितकं बरं. तुमचा मुलगा 11 महिन्यांचा आहे, म्हणजे तुम्ही वेळेत आहात.

आम्ही नव्हतो. मुलगी सहा महिन्यांची असताना हुंकार देत होती, खळखळून हसत होती. घरचे म्हणाले, आवाज काढते ना, मग ऐकू येतंच. एका डॉक्टरांनीही काही मुलं उशिरा बोलतात म्हणून परत पाठवलं. बहिरी बाळंही सुरुवातीला हुंकार देतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ऐकणारी बाळं साधारण सहा ते दहा महिन्यांत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरं जोडू लागतात. ऐकू न येणाऱ्या बाळात तेच लांबतं. ते कळून बेरा टेस्ट (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद तपासणारी चाचणी) होईपर्यंत ती 13 महिन्यांची झाली. ते महिने मला अजून टोचतात.

बोलेल कधी? वय स्विच-ऑनच्या, म्हणजे ऑपरेशननंतर यंत्र पहिल्यांदा चालू करतात त्या दिवसापासून मोजायला शिका. थेरपिस्ट त्याला श्रवण-वय म्हणतात. स्विच-ऑनला आमची लेक दचकली आणि रडली, बाकी काही नाही. मग दर मॅपिंगनंतर, म्हणजे यंत्राचे आवाज मुलाला साजेसे बसवून घेतल्यावर, थोडं थोडं. रोज सकाळी बायको तिच्या मागे बसून ‘आ, ई, ऊ, म, श, स’ असे आवाज काढायची, ओठ दिसू नयेत म्हणून. आवाज आला की मुलीने वाटीत एक मणी टाकायचा. ‘स’ला मणी पडायला कित्येक आठवडे गेले. ज्या दिवशी पडला त्या दिवशी आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन रडलो. ‘पाणी’ हा शब्द त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी आला, तोही ‘पाई’ असा.

खर्चाची अडचण असेल तर दिव्यांगांना साधनांसाठी मदत देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेची चौकशी मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांवरच्या राष्ट्रीय संस्थेत करा. ऑपरेशनआधी मेंदूज्वरापासून जपणारी न्यूमोकोकल लस झाली आहे ना, हेही डॉक्टरांना विचारा.

तोवर हिअरिंग एड दिवसभर लावा. त्याच्या कानातल्या साच्याचं माप घेताना दोन रंगांचा लगदा मळून कानात भरतात आणि काही मिनिटांत तो घट्ट होतो. तेच क्युअरिंग, तेच टाके. उरलेल्या गोळ्यात मी नख रोवून बघत बसायचो. बाळाचा कान भराभर वाढतो, साचा सैल होतो आणि मशीन शिट्टी मारू लागतं. लोक वैतागून मशीन काढून ठेवतात. तुम्ही काढू नका, नवीन साचा करून घ्या.