मायनर गेलिक फुटबॉलचा एकच हंगाम बघायचा तर कोणता?

तुम्ही विचारलंय, आयर्लंडच्या ऑल-आयर्लंड मायनर फुटबॉल चॅम्पियनशिपचा एकच हंगाम बघायचा तर कोणता बघावा. माझं उत्तर: २०१७.

गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा, चेंडू हातानेही आणि पायानेही खेळायचा खेळ. त्यातली ही मायनर, म्हणजे पोरांची स्पर्धा १९२९ पासून चालू आहे. आधी मन्स्टर, लेन्स्टर, अल्स्टर आणि कॉनाक्ट या चार प्रांतांत लढती होतात आणि मग देशभरच्या बाद फेऱ्या. पैसे कुणालाच मिळत नाहीत, अगदी मोठ्यांच्या संघातही नाहीत. पोरगा खेळतो तो आपल्या काउंटीसाठी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासाठी म्हणा. डेरी काउंटी राजकीयदृष्ट्या युनायटेड किंगडममध्ये येते, पण या खेळात ती सीमा कुणी मानत नाही.

१७ सप्टेंबर २०१७ ला डब्लिनच्या क्रोक पार्कवर अंतिम सामना झाला. केरी ६-१७, डेरी १-८. पहिला आकडा गोलांचा. एका गोलाचे तीन गुण. दुसरा आकडा गोलच्या आडव्या दांडीवरून मारलेल्या चेंडूंचा, त्याचा तेव्हा एकेक गुण. म्हणजे ३५ विरुद्ध ११. त्यात केरीचा कर्णधार डेव्हिड क्लिफर्ड याचे एकट्याचे ४-४, म्हणजे १६! अख्ख्या डेरी संघापेक्षा जास्त.

बघताना नजर त्याच्यावरच ठेवा. हातात चेंडू घेऊन चार पावलांपेक्षा जास्त धावता येत नाही. मग तो जमिनीवर आपटायचा किंवा पायाच्या चवड्यावर सोडून परत हातात उडवायचा. उंचापुरा क्लिफर्ड हे भर वेगात करतो आणि नजर मात्र गोलवर. डाव्या पायाने चेंडू सुटला की गोलखांबाशी उभा पांढऱ्या कोटातला पंच गोलसाठी हिरवा झेंडा उचलतो, एका गुणासाठी पांढरा.

केरीचं हे सलग चौथं विजेतेपद. पुढच्या वर्षी पाचवंही आलं. पण माझ्या लेखी २०१७ चं मोल आणखी एका कारणाने आहे. १८ वर्षांखालच्यांची ही शेवटची स्पर्धा. २०१८ पासून मर्यादा १७ वर आली. शाळा, क्लब, काउंटी, शिवाय मोठ्यांचे संघ अशा सगळीकडून खेळून पोरं पिळून निघत होती, आणि त्यातच जूनमध्ये लीव्हिंग सर्टिफिकेट, म्हणजे तिथली बारावी. मला हा निर्णय मनापासून पटतो. सोळा-सतरा वर्षांच्या गुडघ्यांवर किती भार टाकायचा, हे कुणीतरी ठरवायलाच हवं होतं.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलवाल्यांचा क्लिफर्डवर डोळा होता, पण तो केरीतच राहिला. २०१८ मध्ये थेट मोठ्यांच्या संघात आला, त्याच वर्षी ऑल स्टार झाला, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात निवडला गेला. २०२२ मध्ये केरीबरोबर त्याने मोठ्यांचं विजेतेपदही जिंकलं.

एकतर्फी सामना नको असेल तर २०१९ चा अंतिम सामना शोधा: कॉर्कने गॉलवेला जादा वेळेत हरवलं. आणि डेरीसाठी जीव हळहळला, तर २०२३ आणि २०२४ बघा. दोन्ही वर्षी मायनरचा चषक त्यांच्याच पोरांनी उचलला.